आमच्या चेंबरवरचा वड

आमच्या सोसायटीच्या आवारात जो वड आहे तो सिमेंटचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण सरकारदप्तरी तो खरा आहे, त्याला नंबर आहे, आणि त्याची कागदपत्रं माझ्यापेक्षा नीट आहेत.

सुरुवात झाली चेंबरपासून. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. पुढच्या खोलीच्या खिडकीतून नवीन पनवेलची थोडीफार शोभा दिसावी, एवढीच आमची अपेक्षा होती. दिसायचं ते सांडपाण्याचं चेंबर. चेंबर सर्वसाधारणपणे जमिनीत असतं. आमच्या बिल्डरने ते कमरेइतकं वर आणलं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि आता तो सापडत नाही. वर लोखंडी झाकण. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या पुढाऱ्याची समाधी असावी, असं ते दिसायचं.

मला त्याची सवय झाली होती. पण पेणच्या माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यांचं तिथलं घर माडीवर, जिना उभा. म्हणून ऑपरेशन पनवेलला आणि नंतरचा मुक्काम आमच्याकडे. आम्ही न्हाणीघरात कमोड उंच करून घेतला, भिंतीला धरायला दांडे बसवले, आणि खिडकीशी खुर्ची मांडून बघितली. खुर्चीत बसून समीक्षाने, म्हणजे माझ्या पत्नीने, बाहेर नजर टाकली.

"आई दिवसभर इथे बसणार. तिला काय हे गटाराचं थडगं दाखवायचं?"

मी हिशेब तपासण्याच्या नोकरीत आहे. प्रश्न कुणाच्या खात्यावर पडणार हे मला लगेच कळतं.

कर्नाळ्याच्या बाजूला एका सहकाऱ्याच्या फार्महाउसवर मी कॉंक्रीटची कमाल बघून आलो होतो. कचऱ्याचा डबा झाडाच्या बुंध्यासारखा, कुंपण बांबूसारखं, बाक आडव्या पडलेल्या ओंडक्यासारखा, आणि सगळं सिमेंटचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की चेंबरभोवती असाच एक छोटा बुंधा करावा. शोभाही येईल आणि चेंबरही झाकलं जाईल.

यावर सूचना आल्या. पहिल्या मजल्यावरच्या मालूकाकू म्हणाल्या, बुंध्यापेक्षा बदक करा, लहान मुलांना आवडतं. तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेन म्हणाल्या, फाउंटन करो ना, वास्तूसाठी चांगलं. मी म्हटलं, आत जे वाहतंय त्याचं फाउंटन नको. मालूकाकूंचे यजमान काशीरामकाका सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "त्याच्यावर दुधीचा वेल सोडला तर?" या सूचनेत काही खोट काढता येईना, म्हणून ती कोणी विचारात घेतली नाही.

शेवटी चेअरमन कमळाकरशेठ बोलले. आमची इमारत त्यांच्या वडिलांच्या भातशेतीत उभी आहे, त्यामुळे निवडणूक कितीही झाली तरी चेअरमन तेच असतात. "माजा भाचा हाय कुंदन, उलव्याला. आर्टिस हाय. त्याला बोलवतो." ठराव मंजूर झाला. भाच्याच्या नावाने मांडलेला ठराव नामंजूर झाल्याचं मी माझ्या कारकिर्दीत तरी बघितलेलं नाही.

कुंदन आला तो पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या गाडीतून. उलव्यात जिकडेतिकडे बांधकामं चालू, त्यामुळे प्रत्येक नव्या बंगल्याच्या गेटवर काय बसवायचं हा प्रश्न त्याच्याकडे येतो. मोबाईलवर त्याने मला गरुड दाखवला, सिंह दाखवले, आंब्याच्या आकाराची विहीर दाखवली. एका चित्रात घोडा होता.

"ह्यो घोरा बगा. बंगलेवाले शेठ बोलले, खरा वाटला पायजे. सायेब, गेल्या पावसात एक माणूस याला गवत टाकून गेला."

मी त्याला माझ्या दोन अटी सांगितल्या. काम छोटं असावं, आणि चेंबर उघडायला खाली दरवाजा असावा.

"दरवाजा देतो. पन बुंधा काय, कोन पन करील. आमी वड करतो."

"छोटा."

"वड छोटा नसतो, सायेब," कुंदन दुखावून म्हणाला.

मे महिनाभर काम चाललं. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. मग ओल्या सिमेंटवर काटाचमच्याने आणि तारेच्या ब्रशने साल काढायचं काम कुंदनने स्वतः केलं. त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. पारंब्या आल्या. तोडलेल्या फांद्यांचे खुंट आले. खुंट पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोहोचले. छातीच्या उंचीवर एक ढोली आली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आत गॅस जमतो, सायेब. हवा जायला पायजे. आनि वडाला ढोली नाय तर मग काय मजा हाय?"

खाली दरवाजा मात्र त्याने दिला होता, सालीसारखाच रंगवलेला, माहीत नसेल तर दिसणारही नाही असा. तो उघडून मी आत बघितलं. चेंबर उघडं होतं.

"झाकण कुठाय?"

"ते होय? ते बुडात भरलं, वजनाला. आता झाकन कशाला पायजे? वर झाड हाय ना."

या उत्तरात काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. पण समीक्षा खिडकीतून झाडाकडे बघत होती, आणि लग्नानंतर प्रथमच माझ्या एखाद्या कामाकडे ती अशा नजरेने बघत होती. मी दरवाजा लावून टाकला.

पुढच्याच महिन्यात वटपौर्णिमा आली.

आमच्या सोसायटीतल्या बायका दर वर्षी रिक्षा करून गावातल्या एका वडाकडे जातात. तिथे रांग, चिखल आणि परतीच्या रिक्षावाल्याचा उद्धटपणा, असं ते व्रत असतं. त्या सकाळी मालूकाकू पूजेचं ताट घेऊन गेटपर्यंत गेल्या, रिक्षा मिळेना, मागे वळल्या आणि थांबल्या. त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी विचारलं, वड आहे ना? काकू म्हणाल्या, आहे. यापुढे त्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. आमच्या धंद्यात याला स्वच्छ अहवाल म्हणतात.

दुपारपर्यंत झाड सुताने पांढरं झालं होतं. हेतलबेनने चार फोटो काढले. समीक्षानेही सूत बांधलं. मी म्हटलं, अगं, आत काय आहे ते तुला माहितीये. ती म्हणाली, "सात जन्म मागायचेत, तर आत काय आहे ते बघून कसं चालेल?"

पूजा झाल्यावर निर्माल्याचा प्रश्न आला. फुलं, पानं, फणसाचे गरे, नारळ. निर्माल्य ओल्या कचऱ्यात टाकायला आमच्याकडे कुणाचा हात धजत नाही, आणि खाडीवर कोण जाणार? मालूकाकूंनी ते ढोलीत घातलं. ढोली भरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या देवांवरची फुलं घातली. तरी भरली नाही. आठवड्याभराने त्या माझ्याशी दबलेल्या आवाजात बोलल्या.

"भावजी, कितीही घाला, वड सगळं पोटात घेतो."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी ऑफिसला निघालो होतो. त्यानंतर सगळ्या इमारतीचं निर्माल्य तिथे जाऊ लागलं. कामोठ्याहून काकूंची बहीण पिशवी भरून आणायची.

एवढं मोठं प्रस्थ झालं तेव्हा कमळाकरशेठनी पार बांधायचा ठरवला. कुंदन पुन्हा आला. ओल्या कॉंक्रीटवर रबराचे साचे दाबून त्याने काळ्या दगडाचा हुबेहूब पार केला. पार वडाभोवती गोल फिरला, आणि गोल फिरताना दरवाजा त्याच्या आत गेला. मी हरकत घेतली. कुंदन म्हणाला, "सायेब, दरवाजा लागलाय का कदी?" शेठ म्हणाले, "आनि तितं आपन तुमच्या नावाची पाटी लावतोय." दरवाजा जिथे होता बरोबर तिथे संगमरवरी पाटी बसली: *संकल्पना, श्री. विनायक राईलकर.* मी नको नको म्हणालो होतो, पण तेव्हा मिक्सर चालू होता.

पावसात झाडं मोजायला माणूस आला. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल. त्याने टेप लावून घेर मोजला, फोटो काढला, आणि नंबराचा पत्रा ठोकायला खिळा काढला. खिळा वाकला. दुसरा काढला, तोही वाकला. मालूकाकू सांगतात की त्याने झाडाकडे आदराने बघितलं, म्हणाला, "फार जुनं असणार," आणि पत्रा तारेने बांधून निघून गेला.

आणि मग, सासूबाईंचं ऑपरेशन छान झालं, आठवड्याने घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आमच्या न्हाणीघरात पाणी उलटं आलं.

वरच्या मजल्यांवर काहीच अडचण नव्हती. त्यांचं सगळं सुरळीत जात होतं. जात होतं ते आमच्याकडे. उंच केलेला कमोड, भिंतीचे दांडे आणि नवी चटई यांच्यामधून ते घोट्याइतकं उभं राहिलं. सफाईवाला आला. म्हणाला, चेंबर तुंबलं, उघडायला लागेल, कुठाय? मी झाडाकडे बोट दाखवलं. त्याने आधी झाडाकडे बघितलं, मग पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

पार आणि बुंधा आता एकच कॉंक्रीट झालं होतं. पार फोडायचा म्हणजे झाड हलवायचं. मी शेठकडे गेलो.

"नंबर परलाय सायेब त्याच्यावर," शेठ म्हणाले. "हात लावला तर गुना हाय. आमी नाय परनार यात."

मग मालूकाकूंकडे गेलो. काकूंनी मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "बायकांनी नवऱ्याच्या आयुष्यासाठी सूत बांधलंय त्याला. तुमच्या एका बाथरूमसाठी अख्ख्या बिल्डिंगच्या नवऱ्यांशी खेळ करायचा?" आतल्या खोलीत काशीरामकाका मोठ्याने टीव्ही बघत होते. आपल्या जिवाला काही धोका आहे असं त्यांच्या बसण्यावरून वाटत नव्हतं.

मी अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. पुन्हा काम पडेल. तिथल्या साहेबांनी संगणकात बघितलं.

"वड. घेर मोठा आहे. तोडायला परवानगी मिळणार नाही."

"साहेब, ते झाड सिमेंटचं आहे."

"हे तुमचं म्हणणं झालं. आमच्या नोंदीत वड आहे."

"नोंद चुकलीय."

"मग झाड मेलं म्हणून अर्ज करा. पाहणी करू."

"साहेब, ते कधी जिवंतच नव्हतं."

"जिवंत नव्हतं तर मेलं कसं म्हणता?"

माझा चेहरा बघून साहेबांना दया आली असावी. त्यांनी मार्ग सांगितला. तोडणं कठीण, पण त्याच आवारात दुसरीकडे लावायचं तर ते स्वतः सही करू शकतात. पुनर्रोपण म्हणतात त्याला. फक्त रहिवाशांची ना-हरकत हवी, सगळ्यांची, आणि पुढे झाड जगलं का ते बघायला माणूस येईल.

ना-हरकतीचा कागद घेऊन मी इमारतभर फिरलो. सगळ्यांचं उत्तर एकच आलं: मालूकाकूंची सही झाली की आमची. आणि काकू सही करत नव्हत्या. सासूबाईंना उद्या सोडणार होते.

आमच्या घरात मी हिशेब करतो आणि समीक्षा विचार करते. ती संध्याकाळी काकूंकडे गेली आणि दारातच रडली. रडणं खरं होतं. वेळ तिने निवडली होती.

"काकू, आईला न्यायला जागा नाही हो. पेणला जिना, इथे ही अवस्था. तुमचं बाथरूम चांगलं आहे, लिफ्ट आहे. झाड हलेपर्यंत राहू दे का तिला तुमच्याकडे?"

काकू मनाने मोठ्या. "अगं वेडी का तू, खुशाल राहू दे," म्हणाल्या. *झाड हलेपर्यंत* हे शब्द त्यांनी नीट ऐकले नसावेत. मी कागदावरची बारीक अक्षरं वाचून पोट भरतो, पण बारीक अक्षरं लिहावीत ती समीक्षाने.

सासूबाई वॉकर घेऊन काकूंच्या हॉलमध्ये प्रस्थापित झाल्या. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्या हे वाचतात. एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशी त्यांनी काकूंच्या आमटीत चिंच जास्त असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी चिंच कमी. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्याची दिशा चुकल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्या पहाटे उठून स्तोत्रं म्हणतात आणि ऐकायला कुणीतरी लागतं. दुपारी त्यांनी काशीरामकाकांचा टीव्ही बंद केला आणि त्यांना विचारलं, "बायको उभी राहून पोळ्या करते आणि तुम्ही ताट समोर यायची वाट बघता? हिने तुमच्यासाठी सूत बांधलं?" काका त्या दिवसापासून ताटं घ्यायला लागले. काकूंना ते चांगलं वाटलं पाहिजे होतं. पण काका स्वयंपाकघरात आल्यामुळे वाट्या कुठे असतात हे दर वेळी सांगावं लागे, आणि ते सांगायला काकूंच्याआधी सासूबाईच सुरुवात करत.

आठवडा संपायच्या आत काकू आमच्या दारात उभ्या. हातात माझा कागद, सही केलेला.

"भावजी, झाड हलवा."

"पण काकू, सूत?"

"तुमच्या सासूबाईंना विचारलंय मी. त्या पेणच्या, त्यांना कळतं. गणपतीची उत्तरपूजा करतो ना आपण? अक्षता टाकल्या, मूर्ती जागची हलवली, की देव गेले, उरली माती. तसंच करायचं."

तर सिमेंटच्या वडाची उत्तरपूजा झाली. सासूबाई वॉकरवर उभ्या राहून सूचना देत होत्या, काकू अक्षता टाकत होत्या, बायकांनी दही-पोह्यांची शिदोरी ठेवली. काकूंनी दोन्ही हातांनी झाड हलवलं. ते हललं नाही. "भाव महत्त्वाचा," सासूबाई म्हणाल्या आणि कुंदनने क्रेनवाल्याला खूण केली.

पार फोडताना माझ्या पाटीचे दोन तुकडे झाले. कुंदनने बुडाशी सळ्या कापल्या, पट्टा अडकवला, आणि अख्खा वड पारंब्यांसकट हवेत गेला. रस्त्यावरचे डंपरवाले थांबून बघत होते. "बगा, किती हलका!" कुंदन अभिमानाने ओरडला. "आतून पोकल हाय ना!"

आणि मग सगळ्यांनी चेंबरमध्ये बघितलं.

सफाईवाल्याने बांबूच्या आकड्याने एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. झेंडूचे हार. नारळ, एकामागून एक. सुताची गुंडाळी झालेली, तिच्यात अडकलेले फणसाचे गरे, कापसाची वस्त्रं, विड्याची पानं. कामोठ्याची पिशवी, पिशवीसकट. शेवटी एक स्टीलची वाटी, वर नाव कोरलेलं: *मालू*.

हेतलबेन आकाशाकडे बघायला लागल्या. वडाने सगळं पोटात घेतलं होतं, फक्त पोट आमच्या न्हाणीघराला जोडलेलं होतं.

काशीरामकाका पुढे झाले, वाटी उचलून नळाखाली धरली. "म्हणजे इथे होती," म्हणाले. "मला तीन दिवस शोधायला लावलीत." मग चेंबरकडे बघून म्हणाले, "दुधीचा वेल बरा पडला असता."

पाणी उतरलं. चेंबरला नवं झाकण आलं आणि वड चार पावलांवर नव्याने उभा राहिला, या वेळी ढोली बुजवून. निर्माल्यासाठी काकूंनी एक पिंप ठेवलं, त्याचं खत होतं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि खिडकीशी खुर्चीत बसल्या. बाहेर बघून म्हणाल्या, "हे चेंबर का झाकत नाही तुम्ही?"

समीक्षा म्हणाली, "आई, चहा घेतेस?"

पावसाळा पुन्हा आला तेव्हा कचेरीतला माणूस पुनर्रोपण पाहायला आला. मी त्याची वाटच बघत होतो. आता हा बोटाने टोचून बघेल, सिमेंट आहे म्हणून लिहील, नोंद खोडेल आणि प्रकरण मिटेल, असा माझा हिशेब होता. तो झाडाभोवती फिरला. पारंबी ओढून बघितली. मग क्रेनच्या पट्ट्याने बुंध्याला जिथे तडा गेला होता तिथे वाकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा. फुटवा आलाय."

मी जाऊन बघितलं. तड्यातून एक कोवळी फांदी वर आली होती, तांबूस टोकाची, दोन पानं. कुठल्या तरी पक्ष्याने बी टाकलं असणार. पान मी तोडून वास घेतला, चीक आला. वडच होता.

त्याने फोटो काढला आणि लिहिलं: *पुनर्रोपण यशस्वी. झाड जिवंत.* मला म्हणाला, "नशीबवान आहात. जुनी झाडं सहसा धरत नाहीत. याला आता हात लावू नका, नाहीतर गुन्हा दाखल होईल."

सासूबाई आता वॉकरशिवाय चालतात. रोज सकाळी त्या तांब्या घेऊन बाहेर येतात आणि तड्यात पाणी घालतात. मालूकाकू सोबत असतात. चिंचेवरून त्यांचं अजून चालू आहे. पानं सात झालीत. मूळही निघालंय. सिमेंट फोडून, मातीत शिरून ते कुठल्या दिशेने चाललंय हे मी झाडाशी बसून बरोबर ताडलंय. पाणी असेल तिकडे मुळं जातात, आणि आमच्या आवारात पाणी कुठे आहे, हे मला कुणी सांगायला नको. ऑफिसला जाण्यापूर्वी मी चेंबरचं झाकण उघडून आत बघतो.